चर्चच्या दारावरचा कागद

जर्मनीतल्या माइन्झ शहरात १४५४ साली छापलेला चर्मपत्राचा एक तुकडा आहे. आडवा, एकाच बाजूनं छापलेला, एकतीस ओळींचा. छपाईचा इतिहास सांगताना आपण गुटेनबर्गच्या बायबलपासून सुरुवात करतो. पण सुट्या खिळ्यांनी छापलेल्या युरोपातल्या मजकुरांपैकी ज्यावर पक्की तारीख आहे असा सर्वांत जुना मजकूर म्हणजे ते बायबल नव्हे, हा तुकडा. त्याच्या उपलब्ध प्रतींवर हातानं लिहिलेली सर्वांत जुनी तारीख २२ ऑक्टोबर १४५४ ही आहे.

हा तुकडा म्हणजे चर्चचं क्षमापत्र होतं. पूर्व भूमध्य समुद्रातलं सायप्रसचं ख्रिस्ती राज्य तुर्कांमुळे धोक्यात आलं होतं. त्या राज्याच्या रक्षणासाठी दान देणाऱ्यांना पोप पाचवे निकोलस यांनी विशेष सवलत जाहीर केली होती. सायप्रसच्या राजाचा दूत पाउलिनुस चाप्पे जर्मन मुलुखात फिरून निधी गोळा करत होता. दान देणाऱ्याला पत्र मिळे. ते दाखवून त्याला आपल्या पसंतीच्या धर्मगुरूकडे पापांची कबुली देता येई आणि आयुष्यात एकदा व मरणसमयी एकदा पूर्ण क्षमा मिळवता येई. मजकूर सगळ्यांसाठी एकच, फक्त नाव वेगळं. अशी हजारो पत्रं लेखनिकांनी हातानं लिहायची, तर किती लेखण्या आणि किती दिवस लागले असते! छापखान्याला याहून चांगलं गिऱ्हाईक सापडलं नसतं.

या पत्राची मांडणी नीट पाहावी. लॅटिन येत नसेल तरी चालेल, किंबहुना न आलेलंच बरं, कारण मग अक्षरांचे आकारच बोलू लागतात. सुरुवातीला ‘यू’ हे मोठं आद्याक्षर आहे. ‘सर्व ख्रिस्ती श्रद्धाळूंना’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांतलं ते पहिलं अक्षर. मुख्य मजकूर बारीक, थोड्या वळणदार खिळ्यांत आहे. त्या काळचे कारकून रोजच्या कामाला जे अक्षर वापरत, त्याची ती नक्कल. महत्त्वाचे शब्द आणि मधली दोन शीर्षकं मात्र ठसठशीत, टोकदार, काळ्याभोर खिळ्यांत आहेत. पहिल्या शीर्षकाखाली जिवंतपणी घ्यायच्या क्षमेचा मजकूर येतो, दुसऱ्याखाली मरणसमयीच्या. दोन्ही मजकुरांच्या तोंडाशी मोठा ‘एम’ आहे. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसलेल्या धर्मगुरूला मंद उजेडात नेमका दुसरा परिच्छेद सापडला पाहिजे, ही सोय त्या दोन अक्षरांनी केली आहे. मी त्याला सजावट म्हणणार नाही. ती वाट दाखवणारी खूण आहे.

या पत्रावरची सर्वांत मोठी नवलाई मात्र अक्षरांत नाही. ती न छापलेल्या जागेत आहे. दान देणाऱ्याचं नाव जिथे यायचं, तिथे जुळाऱ्यानं खिळे बसवलेच नाहीत, जागा मोकळी सोडली. मुख्य मजकुराच्या शेवटी साल छापलं आणि दिवस व महिना यांच्यासाठी पुन्हा जागा सोडली. लेखनिकानं शाईनं त्या भरायच्या. आज बँकेपासून रेशनच्या कचेरीपर्यंत आपण जो अर्ज भरतो, त्याची रचना इथे पूर्ण तयार दिसते: ठरलेला मजकूर यंत्राचा, बदलता मजकूर माणसाच्या हातचा. किती जागा सोडायची, हा प्रश्न त्या जुळाऱ्यालाही पडलाच असणार. लांब नावाचा माणूस आला, की अक्षरं दाटीनं बसवायची. आखूड नावाचा आला, की उरलेली जागा तशीच पांढरी. १४५५ उजाडलं तेव्हा छापलेलं साल जुनं झालं आणि नव्या छपाईत ते बदलावं लागलं. आपल्याकडे २००० साल उजाडल्यावरही कित्येक वर्षं कचेऱ्यांमध्ये ‘१९’ छापलेले अर्ज होते आणि ते दोन आकडे खोडून वर ‘२०’ लिहावं लागे, ते ज्यांना आठवतं त्यांना माइन्झच्या जुळाऱ्याची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच शहरात त्याच पत्राची आणखी एक, तीस ओळींची आवृत्ती निघाली. तिच्यातली ठळक अक्षरं गुटेनबर्गच्या बेचाळीस ओळींच्या बायबलासाठी वापरलेल्या खिळ्यांची आहेत. म्हणजे एकीकडे तो महाग, भव्य ग्रंथ छापला जात असताना त्याचेच खिळे या चिठोऱ्यांसाठीही कामाला लावले जात होते. बायबल पूर्ण होऊन विकलं जाईपर्यंत पैसा अडकून पडे. क्षमापत्रांचं काम घेतलं, छापलं, दाम घेतले, असं होतं. मोठ्या ग्रंथांचा खर्च पेलायला अशी किरकोळ कामं छापखान्यांना लागतच. आपल्याकडेही लग्नपत्रिका आणि हँडबिलांच्या जिवावर वाङ्‌मयीन पुस्तकं छापणारे मुद्रक होऊन गेले.

क्षमापत्रातल्या त्या टोकदार अक्षराला युरोपात ‘टेक्स्टुरा’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विणलेलं. उभे जाड दांडे, त्यांच्यामधली पांढरी जागा जवळजवळ दांड्यांइतकीच रुंद, वर-खाली चौकटीसारखी टोकं. लांबून पाहिलं तर पान घट्ट विणीच्या कापडासारखं दिसतं. ही वीण सारखी राहावी म्हणून हस्तलिखितांचे लेखक दोन अक्षरं एकमेकांत गुंतवत, शब्द आखूड करून वर खूण देत. गुटेनबर्गनं हे सगळं धातूत उतरवलं. लॅटिनला दोन डझनांच्या आसपास मुळाक्षरं पुरतात, पण बायबलासाठी त्यानं सुमारे २९० वेगवेगळे खिळे बनवले होते. जोडाक्षरं म्हणजे फक्त आपल्या देवनागरीचं दुखणं, असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

इंग्लंडकडे वळलं तरी गोष्ट हीच. तिथल्या छपाईचा तारीख असलेला सर्वांत जुना कागद म्हणजेही एक क्षमापत्र. मुद्रक विल्यम कॅक्स्टननं ते वेस्टमिन्स्टरला छापलं आणि ते १३ डिसेंबर १४७६ ही तारीख घालून लंडनच्या हेन्री लँगली आणि त्याची पत्नी कॅथरिन यांना दिलं गेलं. मोकळ्या जागेत हातानं भरलेली ही दोन नावं साडेपाचशे वर्षांनी आपण वाचतो आहोत.

कॅक्स्टनचा माझा सर्वांत आवडता कागद त्याच्या पुढच्याच सुमाराचा आहे, साधारण १४७७ चा. आकार पोस्टकार्डाएवढा, मोजक्या ओळी. ही इंग्रजीतली सर्वांत जुनी छापील जाहिरात मानली जाते आणि ती चर्चच्या पुस्तकाची आहे. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, तिच्यामागोमाग बाकीचे सणही सरकतात. मग कोणत्या दिवशी कोणती उपासना म्हणायची, दोन सण एकाच दिवशी आले तर कोणता मागे घ्यायचा, हे धर्मगुरूंना सांगणारं एक नियमांचं पुस्तक असे. आपल्या पंचांगातल्या शास्त्रार्थासारखंच म्हणा ना. इंग्लंडमध्ये त्याला ‘पाय’ म्हणत आणि लॅटिनमध्ये ‘पिका’. सॉल्झबरीच्या पद्धतीचं हे पुस्तक स्वस्तात हवं असेल तर वेस्टमिन्स्टरला लाल पट्ट्याच्या खुणेच्या दुकानी यावं, असा निरोप त्या कागदावर आहे.

त्याची खरी हुशारी वेगळीच. पुस्तक याच पत्राच्या अक्षरात छापलेलं आहे, असं कॅक्स्टन त्यात सांगतो. म्हणजे जाहिरात हाच मालाचा नमुना! कापडवाल्यानं ठाणाचा तुकडा दारावर टांगावा, तसं त्यानं अक्षर टांगलं. वर्णनाचे दोन शब्द वाढवण्यापेक्षा वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास टाकला. आणि तळाशी एकच ओळ लॅटिनमध्ये: कृपा करून ही चिठ्ठी काढू नका. भिंतीवर चिकटवलेला कागद कोणीतरी फाडतंच, हे जाहिरातीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विनंती फारशी मानली गेली नसावी, कारण आज या कागदाच्या दोनच प्रती उरल्या आहेत, एक ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आणि दुसरी मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात.

जुन्या मराठी छापखान्यांत काम केलेल्यांना ‘पायका’ हा शब्द सांगायला नको. बारा पॉइंटाच्या आसपासच्या खिळ्यांना आपले जुळारी तेच नाव देत. खिळ्याच्या मापाचं हे नाव चर्चच्या त्या ‘पिका’ पुस्तकावरून आलं असावं, असं व्युत्पत्तिकारांचं मत आहे. गिरगावातल्या किंवा पुण्याच्या बुधवारातल्या जुळाऱ्यानं ‘पायक्यात लाव’ म्हणताना सॉल्झबरीच्या सणांचे नियम आठवण्याचं कारण नव्हतं, पण शब्द तेवढा प्रवास करून आला खरा.

सणांचा विषय निघाला आहे तर लाल शाईबद्दल थोडं. हस्तलिखितांत शीर्षकं आणि सूचना लाल शाईनं लिहायची रीत युरोपात होती, तशी आपल्या पोथ्यांतही हिंगूळ वापरण्याची होती. छपाईत लाल रंग म्हणजे तोच कागद दुसऱ्यांदा दाबाखाली घालायचा, आणि तो केसाएवढा जरी सरकला तरी लाल अक्षर काळ्यावर चढायचं. गुटेनबर्गनं बायबलाच्या पहिल्या काही पानांवर लाल शीर्षकं छापून पाहिली आणि सोडून दिली. ती पुढे हातानंच भरली गेली. फुस्ट आणि शोफर या मुद्रकांनी १४ ऑगस्ट १४५७ ही तारीख घातलेल्या माइन्झच्या स्तोत्रग्रंथात लाल आणि निळी आद्याक्षरं छापून ते कौशल्य साधून दाखवलं. चर्चच्या कॅलेंडरात मोठे सण लाल आणि बाकीचे काळे, ही वाटणी हस्तलिखितांपासूनच चालत आलेली. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवार लाल असतो, तो याच परंपरेतून.

दारावरच्या कागदांमध्ये सर्वांत गाजलेला कागद अर्थातच मार्टिन ल्यूथरचा. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चच्या दारावर त्यानं हातोडीनं ९५ प्रमेयं ठोकली, हे चित्र डोळ्यांसमोर येतं. ठोकली की नाही, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. दारावर कागद लावणं यात मात्र बंडखोरी काहीच नव्हती. चर्चची दारं ही विद्यापीठाचे सूचनाफलक होती आणि वादसभेचे विषय तिथेच लावायचे असा नियम होता. कागद लॅटिनमध्ये होता, म्हणजे बाजारात भाजी घ्यायला आलेल्या माणसासाठी नव्हता.

त्याच वर्षी छापलेल्या त्याच्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवल्या की मांडणीचा धडा मिळतो. न्यूरेंबर्गच्या हिएरोनिमुस होल्ट्झेलनं प्रमेयं दोन स्तंभांत मांडली आणि क्रमांक सलग न देता पंचविसाचे तीन गट व शेवटी वीस असे दिले. वादसभेत ‘दुसऱ्या गटातलं सातवं’ म्हटलं की सगळ्यांची बोटं एकाच ओळीवर. लाइपझिगच्या याकोब थानरनं सलग क्रमांक द्यायचं ठरवलं आणि त्याची मोजदाद चुकत गेली. त्याच्या कागदावर शेवटच्या प्रमेयाचा क्रमांक ८७ आहे. ज्या मजकुरानं युरोपचा धर्मेतिहास बदलला, त्याच्या एका आवृत्तीत आकडे जुळत नाहीत! घाईचं काम होतं, आणि चिठोऱ्याचं मुद्रितशोधन ग्रंथाइतक्या काळजीनं कोण करणार? क्षमापत्रांच्या व्यापारावर हल्ला करणारा हा कागद त्याच यंत्रावर, तसाच सुटा, तसाच एका बाजूनं छापलेला होता. विटेनबर्गमध्ये छापलेली ९५ प्रमेयांची एकही प्रत मात्र मिळालेली नाही. त्याच चर्चचं मूळ दार १७६० मध्ये युद्धात जळालं. आज तिथे आहे ते १८५८ मध्ये बसवलेलं ब्राँझचं दार, ज्यावर प्रमेयं कायमची कोरलेली आहेत.

सतराव्या शतकातल्या लंडनकडे गेल्यावर चर्चच्या या सुट्या कागदाचं वेगळंच रूप दिसतं. तिथल्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, मेलेल्यांची नोंद पॅरिशचा कारकून करी. या कारकुनांच्या संघाकडे स्वतःचं मुद्रणयंत्र होतं. मंगळवारी रात्री सगळ्या पॅरिशांचे आकडे यायचे, बुधवारी ते जुळवून छापायचे, गुरुवारी मृत्युपत्रक लोकांच्या हातात. वर्षाची वर्गणी चार शिलिंग. १६६५ च्या प्लेगच्या वर्षी लंडननं जे सर्वांत जास्त वाचलं असेल, ते हेच.

पत्रकाच्या एका बाजूला १३० पॅरिशांची यादी असे. शहराच्या तटाच्या आतल्या ९७, तटाबाहेरच्या १६, आजूबाजूच्या १२ आणि वेस्टमिन्स्टरच्या ५. प्रत्येक नावापुढे दोन आकडे: एकूण पुरले किती, आणि त्यातले प्लेगचे किती. ज्या पॅरिशमध्ये त्या आठवड्यात कोणी गेलं नाही, तिथली जागा कोरी. नावांचा क्रम आठवड्यामागून आठवडा तोच राही. त्यामुळे आपलं पॅरिश कुठल्या रकान्यात, कितव्या ओळीवर, हे वाचणाऱ्याच्या नजरेला पाठ झालेलं असे. नजर थेट तिथे जाई. मग शेजारच्या पॅरिशवर. मागच्या आठवड्यात कोऱ्या असलेल्या जागेत आकडा उमटला, की प्लेग गल्लीच्या तोंडाशी आला. दुसऱ्या बाजूला रोगांची वर्णानुक्रमे यादी आणि तळाशी लॉर्ड मेयरनं ठरवलेलं पावाचं वजन. मरण आणि पाव एकाच कागदावर. १२ ते १९ सप्टेंबर १६६५ या आठवड्याचं पत्रक सांगतं: एकूण मृत्यू ८,२९७, त्यांपैकी प्लेगचे ७,१६५. वर्षअखेर सगळी पत्रकं एकत्र बांधून पुस्तक काढलं, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठावर कवट्या छापल्या. मला त्या कवट्यांपेक्षा तो अरुंद रकाना जास्त हलवतो. सॅम्युएल पीप्सनं आपल्या रोजनिशीत हे आकडे टिपून ठेवले. त्याच्याही आधी, १६६२ मध्ये, जॉन ग्रॉंट नावाच्या कापडव्यापाऱ्यानं जुन्या पत्रकांचे रकाने मांडून लोकसंख्येचा पहिला शास्त्रीय अभ्यास छापला. रकाने सारखे नसते, क्रम दर आठवड्याला बदलता असता, तर ग्रॉंटचं पुस्तक झालं नसतं.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्याच्या बंदरात जेझुइट पाद्र्यांबरोबर एक मुद्रणयंत्र उतरलं. ते खरं तर अॅबिसिनियाला जायचं होतं, पण राहिलं गोव्यातच. हुआन दे बुस्तामांते या धर्मबंधूनं जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात ते चालवलं आणि त्याच वर्षी त्यावर पहिली छपाई झाली: ‘कोंक्लुझोंइश’. म्हणजे विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडायची तत्त्वज्ञानाची प्रमेयं. विटेनबर्गच्या दारावर होता त्याच जातीचा हा मजकूर, फक्त बंडाशिवाय. भारतात छापलेली पहिली गोष्ट एखादा ग्रंथ नव्हती, वादसभेची प्रमेयं होती.

देवनागरी किंवा कन्नड वळणाच्या अक्षरांची छपाई मात्र तिथे झाली नाही. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्सनं १६०८ मध्ये रोमला लिहिलं होतं की इथल्या लिपीला सहाशेच्या घरात साचे लागतील, पण ते दोनशेवर आणता येतील. इथल्या लिपीत छापण्याची त्याची मागणी फळाला आली नाही, आणि त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन अक्षरांत छापलं गेलं. गुटेनबर्गनं लॅटिनसाठी २९० खिळे बनवले होते, हे लक्षात घेता दोनशेचा आकडा अशक्य नव्हता, असं मला वाटतं. मराठीची दोनशे वर्षं त्या एका न फळलेल्या मागणीत गेली.

सुटे कागद टिकतात ते बहुतेक वेळा अपघातानं. जुन्या पुस्तकांच्या बांधणीत पुठ्ठ्याला मजबुती म्हणून रद्दी घालत, आणि कित्येक क्षमापत्रं अशा पुठ्ठ्यांतून बाहेर आली. ल्यूथरनं १५१७ च्या सप्टेंबरमध्ये काढलेल्या दुसऱ्या एका प्रमेयपत्रकाची विटेनबर्गला छापलेली एकमेव प्रत १९८३ मध्ये वोल्फेनब्युटेलच्या ग्रंथालयात सापडली. गोव्यातल्या १५५६ च्या त्या कागदाचं तेवढंही नशीब नाही. गोव्यात छापलेलं उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं पुस्तक १५६१ चं आहे. पहिल्या प्रमेयांची एकही प्रत उरलेली नाही. ती छापली गेली हे कळतं केवळ पाद्र्यांच्या पत्रांवरून.

वसईत, गोव्यात, अहमदनगरात, मुंबईच्या जुन्या चर्चांच्या कपाटांत सणांची पत्रकं, लग्नाच्या जाहीर सूचना, मिशनच्या सभांची हँडबिलं अजून असतील. तुमच्या घरात किंवा पॅरिशमध्ये असा एखादा कागद असेल तर तो रद्दीत देऊ नका. घडी उलगडून सपाट ठेवा, मागच्या बाजूला पेन्सिलीनं सापडल्याची जागा आणि साल लिहा, आणि जवळच्या ग्रंथालयाला एकदा दाखवा.